ओहायोच्या मॅचचा कौल

बाबल, तुला निरोप द्यायला एक लाख माणसं आली होती.

लगेच भुवई वर करू नकोस. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाशी मैत्री केली की तो गेल्यावरसुद्धा आपले आकडे तपासले जातात, हे माझं नशीब. बरं, लाख नव्हती. पण हॉल भरला, मागे लोक उभे होते, आणि तुझे निम्मे विद्यार्थी विद्यापीठाच्या पिवळ्या-निळ्या टोप्या घालून आले होते. डेट्रॉइटहून बोलावलेले गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले आणि मला हळूच म्हणाले, "ही मंडळी कुठल्या पंथाची?" मी म्हटलं, "फुटबॉलच्या, गुरुजी. यांना शनिवारपासूनच सुतक आहे." ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. नव्वद तरी.

सांगताना हसू येतं आणि लगेच अंगावर काटा येतो. कारण त्या शनिवारपासून जे घडत गेलं, ते आपण सगळे डोळे उघडे ठेवून बघत बसलो होतो. चकली खात.

मी नागपूरहून इथे आलो ते वर्ष आठवतं? जुळे मनोरे नुकतेच पडले होते, सगळा देश मान वर करून विमानांकडे बघत होता. माझ्या कंपनीतले लोक खोक्यांत सामान भरून घरी चालले होते आणि माझा व्हिसा एका धाग्याला लटकत होता. थंडी अशी, की शिंक आली तर ती हवेतच गोठायची आणि खाली पडून फुटायची. मराठी मंडळाच्या दिवाळीत तू मला दारातच अडवलंस. "ह्या काय घातलंस? रेनकोट?" आणि तिथून थेट घरी नेलंस, कपाटातला जाडजूड कोट काढलास आणि माझ्या अंगावर फेकलास. मी म्हणालो, "अहो, कशाला तुम्ही..." तू म्हणालास, "संत्र्या, परत अहो-जाहो केलंस तर कोट काढून घेईन." वयानं तू चांगला मोठा, पण तेव्हापासून तू 'तू' झालास आणि मी संत्र्या. तो कोट अजून माझ्याकडे आहे. त्या कोटानं माझे प्राण वाचवले असं मी लोकांना सांगतो. यात काडीची अतिशयोक्ती नाही.

त्याच महिन्यात तू मला ओहायोची मॅच शिकवलीस, म्हणजे इथला तो चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल. ताटात बटाटेवडे मांडलेस, हे आपले, हे त्यांचे, मधली चटणीची रेघ ओलांडू द्यायची नाही. नियम मला आजतागायत कळले नाहीत, पण मुद्दा कळला. वर्षभर कोणाशीही हरा, चालेल. नोव्हेंबरातल्या त्या एका शनिवारी शेजारच्या राज्यातल्या लाल शर्टवाल्यांशी हरलात तर आपल्या ॲन आर्बरमध्ये माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत.

आणि मॅचच्या सकाळी कौल.

मी विदर्भातला माणूस, कौल म्हणजे घराच्या छपरावरचं, एवढंच मला ठाऊक. तू दिवाणखान्यात भिंतीशी पाटावर ठेवलेला तो काळा दगड दाखवलास. कुडाळजवळच्या तुझ्या गावातल्या देवळामागचा, नारळाएवढा. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय आहे, तू म्हणालास, देव आहे, आणि त्यानं दोन्ही हातांनी उचलून तुझ्या पिशवीत परत ठेवला. हा किस्सा तुझा आहे, मी फक्त त्यात अधिकाऱ्याला नमस्कार करायला लावलं. तर त्या दगडाच्या दोन खांद्यांवर शेवंतीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. देवाला प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुमच्याकडे लग्नं, जमिनी, विहिरी सगळं असंच ठरतं म्हणालास. विद्यापीठात पोरांना शक्यतांचं गणित शिकवणारा माणूस सोवळं नेसून दगडासमोर उभा राहायचा आणि गाऱ्हाणं घालायचा:

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां परमुलखात इली हत, तेंची राखण कर रे म्हाराजा!"

आम्ही जमलेले सगळे ओरडायचो, "होय म्हाराजा!"

"आज आमचे पोरगे जिंकतले तर उजवो कौल दी, हरतले तर डावो दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

शेजारची म्हातारी खिडकीचा पडदा सरकवून बघायची. दरवर्षी डावी पडायची आणि दरवर्षी आपण हरायचो. मधे एकदाच उजवी पडली, त्या वर्षी जिंकलो. तुझा कौल कधी चुकला नाही. पहिल्या वर्षी गंमत वाटली, नंतर नंतर सकाळी तुझ्या घराच्या पायऱ्या मी एकेक मोजत चढायला लागलो.

आणि मग हे साल.

पानगळीत आपण तुझ्या अंगणातली पानं ओढत होतो. तू मधेच दाताळं टेकवलंस आणि पानांच्या ढिगावर बसलास. मला वाटलं, नाटक करतोय, काम माझ्यावर ढकलतोय. जवळ आलो तर तुझे ओठ निळे. मी काही बोलायच्या आत तूच म्हणालास, "टीमचो रंग हा रे." मेपलचं एक पान तुझ्या डोक्यावर येऊन बसलं, ते झटकायलासुद्धा तुझा हात वर गेला नाही. मी हसलो. का हसलो, देव जाणे. त्या हसण्याचा आवाज मला आवडला नव्हता.

हृदयाची झडप गेली होती. डॉक्टर म्हणाले, थांबू नका, बर्फ वितळायची वाट बघाल तर तो वितळलेला बघायला तुम्ही राहणार नाही. तू तारीख घेतलीस ओहायोच्या मॅचनंतरच्या सोमवारची, आणि तीही पेन्सिलीनं लिहिल्यासारखी. तुझे वडील असेच ऑपरेशनच्या टेबलावर गेले होते. तेव्हा तू दाराबाहेर उभा होतास, शाळेच्या चड्डीत. हे तू मला एकदाच सांगितलंस, गाडीत, समोर बघत. म्हणून तुझ्या चालढकलीवर मला चिडता येईना आणि गप्पही बसवेना. "बाबल, जा बे, चिरून घे आणि मोकळा हो," मी रोज फोन करायचो. "बघूया," तू म्हणायचास. कोकणातला माणूस 'बघूया' म्हणाला म्हणजे विषय संपला.

शनिवारी सकाळपासून पाऊस. तुझी लेक केतकी आदल्या दिवशी फ्रीमाँटहून आलेली, ऑफिसला रजा टाकून. बापाला सोमवारी दवाखान्यात नेऊनच परत जायचं, या तयारीनं. सुलभा वहिनी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होत्या. तू गाऱ्हाणं घातलंस, पण मधे दोनदा दम घ्यायला थांबलास, आणि आमचं 'होय म्हाराजा' त्या खड्ड्यांत पडत गेलं. पाकळ्या लावल्यास. आम्ही अजून नीट बसलोही नव्हतो तर डावी गळून पडली. इतकी चटकन, की जणू देव आधीपासून तोंडात उत्तर धरून बसला होता. माझ्या हातातला चिवडा सांडला.

तो उचलायला वाकलो आणि तोंडावर गरम वारा आला.

पाटाच्या डाव्या अंगाला जमिनीत हीटरची जाळी होती. सहा वर्षं मी त्या घरात गिळतोय, कधी लक्ष गेलं नव्हतं. तिथून गरम हवा निघत होती ती सरळ दगडाच्या डाव्या खांद्यावर. डावी पाकळी वाळणार, डावीच पडणार. दरवर्षी.

"बाबल," मी उभा राहून ओरडलो, "तुझा देव हीटरवर चालतो बे!"

सगळ्यांना दाखवलं. केतकीनं जाळीवर हात धरून बघितला. "ओ माय गॉड. बाबा, काका इज राइट."

तू शांतपणे उपरणं सारखं केलंस. "देव पावसातसून बोलता, वाऱ्यातसून बोलता. हीटरातसून बोललो तर तुका काय त्रास?"

"आणि आपण जिंकलो ते वर्ष? उजवी पडली ते? अरे, त्या दिवशी हीटर बंद होता! दुरुस्तीवाला तळघरात हातोडी मारत होता, मी त्याला चहा नेऊन दिला होता!"

"मग? देवानच बिघडवलो तो."

"बाबा, यू टीच स्टॅटिस्टिक्स!" केतकी रडकुंडीला आली होती.

"म्हणून तर सांगतो," तू तिच्याशी बोलताना नेहमीसारखा शुद्ध मराठीवर आलास. "सॅम्पल फार लहान आहे. आज आणखी एक निकाल मिळेल. आज आपले जिंकले तर कौल खोटा, हीटर खरा. सोमवारी मी निमूट टेबलावर झोपतो. हरले, तर कौल खरा. मग उद्या सकाळी ऑपरेशनचं याच दगडाला विचारीन. डावा पडला तर तुम्ही कोणी पुन्हा तोंड उघडायचं नाही."

"पाट तरी दुसऱ्या भिंतीला लाव," मी म्हणालो.

"देव हलवत नाहीत."

म्हणजे काय ते घरातल्या प्रत्येकाला कळलं. हरलो, की उद्या हीटर तुझा निकाल लावणार. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांची नजर त्या जाळीवर होती.

बाबल, जगात फुटबॉल सुरू झाल्यापासून कोणी माणूस माझ्यासारखा ओरडला नसेल. हे मात्र तपासून घे, हा आकडा खरा निघेल. तुला स्टेडियमची बंदी होती म्हणून आपण टीव्हीसमोर बसलो, आणि ते जास्त भयंकर होतं. तुझं घर स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि टीव्हीवर चित्र काही क्षण उशिरा यायचं. त्यामुळे काय घडलं ते खिडकीतून आधी ऐकू यायचं आणि मग पडद्यावर दिसायचं. सुरुवातीला पावसातून एक गर्जना आली, काचा थरथरल्या, आणि मग आपल्या पोरानं किक मारून तीन गुण मिळवलेले दिसले. मी तुला मिठी मारली. केतकीनं मला मारली. "आता बघ! आता बघ!" मी म्हणत होतो.

त्यानंतर खिडकीतून काही आलं नाही.

पडद्यावर आपला पोरगा चेंडू घेऊन पळायला निघालेला असायचा, मोकळं मैदान समोर, आणि बाहेर मात्र शांतता. म्हणजे तो पडणार होता. त्याला माहीत नव्हतं, आपल्याला माहीत होतं. प्रत्येक वेळी. मी खिडकी बंद करायला उठलो तर तू म्हणालास, "रवांदे. आधी कळलेला बरा." एक लाख माणसांची शांतता कशी असते ते मी तेव्हा ऐकलं. पावसाचे थेंब वेगवेगळे मोजता येत होते. लाल शर्टवाल्यांनी एकदा रेघ ओलांडली, मग पुन्हा ओलांडली. मी टीव्हीशी भांडलो, पंचाच्या आईबापांचा उद्धार केला, देवाला सांगितलं की नागपूरच्या टेकडीच्या गणपतीला चालत येईन, समुद्र आला तर त्यावरूनही. तू मात्र पडद्याकडे बघतच नव्हतास. तू वहिनींकडे बघत होतास. त्या सोफ्याच्या कडेला बसून, ज्या खेळातलं त्यांना काही कळत नाही तो खेळ, पापणी न लववता बघत होत्या.

हरलो.

"इलो कौल," तू म्हणालास. कोणी दिवा लावायला उठलं नाही.

रविवारी सकाळी मी आलो तेव्हा दार वहिनींनी उघडलं. अंगात बर्फातला कोट. मला वाटलं, कुठे निघाल्या. आत गेलो तर केतकी ब्लँकेट गुंडाळून सोफ्यावर, नाक लाल. तोंडातून वाफ निघत होती. घरात, बाबल! चहाच्या कपावर बर्फाची साय आली होती म्हणेन, पण तू तिथे होतास, तुला फसवता येणार नाही.

तू सोवळ्यावर स्वेटर चढवून खोलीतून बाहेर आलास. "सुलू, हीटर बिघडला की काय?"

"नाही. मी बंद केलाय. काल रात्रीच."

"का गं?"

"देवाला मोकळेपणी बोलू दे," वहिनी म्हणाल्या. "उजवं म्हणू दे, डावं म्हणू दे. पण त्याचं त्याला म्हणू दे."

तू त्यांच्याकडे किती वेळ बघत राहिलास. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस बायकोकडे असं बघताना मी पाहिलेला नाही. मग पाटासमोर उभा राहिलास, पाकळ्या लावल्यास, हात जोडलेस. आम्ही 'होय म्हाराजा' म्हणायला तयार. पण तू गाऱ्हाणं मोठ्यानं घातलंच नाहीस. नुसते ओठ हलले.

"मोठ्यानं बोल बे," मी म्हणालो. "आम्ही होय कशाला म्हणायचं?"

तू बोटानं मला गप्प केलंस.

गारठ्यात पाकळ्या वाळेनात. दोन्ही दगडाला घट्ट. रस्त्यावरून एक बर्फ खरवडणारी गाडी गेली, अजून बर्फ पडलाही नव्हता. केतकीचे दात वाजत होते. वहिनी डोळे मिटून उभ्या. मी मनातल्या मनात त्या उजव्या पाकळीला फुंकर घालत होतो. इतक्या जोरात, की माझे कान दुखायला लागले. आणि मग, कोणी हललं नाही, वारा नाही, काही नाही, उजवी सुटली. दगडावरून घसरत हळूच पाटावर आली.

केतकी ओरडली. मी तर असा नाचलो की तळघराचं छत खाली यायला हवं होतं. जिंकलो, बाबल, जिंकलो! वहिनींनी कोट काढला आणि सरळ चहा टाकायला गेल्या. तू तेवढा जागचा हलला नाहीस. त्या पाकळीकडे बघत होतास आणि तुझ्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. काहीतरी उतरवून ठेवल्यासारखा चेहरा होता. मला तेव्हा ते खटकलं. मी नाचत राहिलो.

सोमवारी पहाटे मीच गाडी चालवली. पडद्याआड तुला हिरवा गाऊन घालून झोपवलं होतं, त्यात तू कोकणातला पुढारी दिसत होतास. नर्सबरोबर वहिनी तुझे कपडे आणि चष्मा ठेवायला गेल्या, तेवढ्यात तू मला खुणेनं जवळ बोलावलंस.

"संत्र्या, काल ऑपरेशनाचा इचारूकच नाय मी."

"म्हणजे?"

"ता तर तिना हीटर बंद केल्यान तेव्हाच ठरला. तिच्या समोर उभो रवान नाय म्हणतलंय? म्हणान दुसरा इचारलंय."

"काय?"

तू छताकडे बघितलंस. "हीका एकटीक हय जमात काय, ता इचारलंय. देवान उजवो दिल्यान."

तू नसताना वहिनींना इथे एकटीला जमेल का, हे विचारलं होतंस. तू माझा हात पकडलास, तुझी बोटं बर्फासारखी होती, हे मी वाढवून सांगत नाही. "तिका सांगा नको. सांगलंस तर ती मुद्दाम जमवन दाखवतली, आणि रडाचा रवान जायत. जन्मभर फेकत इलंस, आता एकदा गप रव."

वहिनी परत आल्या. तू त्यांना म्हणालास, "चष्मा नीट ठेव हां, नवीन काच आहे." आणि तुला घेऊन गेले. चाकांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

डॉक्टर बाहेर आले ते एका हातानं दुसरा हात धरून. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. खिडकीतून शांतता आधी येते, ते शिकवलंस तूच.

आता आपलं भांडण अर्धवट राहिलं. मी म्हणणार, ऑपरेशन करायलाच हवं होतं, नाहीतर तू बर्फासोबत गेला असतास. तू म्हणणार, निदान बर्फ बघितला असता. मी हीटर म्हणणार, तू देव म्हणणार. आणि गाडीत एकटा असलो की मी तुझ्या बाजूनंही बोलतो आणि हरतो. उगाच भांडायला माझ्यासारखा माणूस शोधलास आणि भर डावात उठून गेलास. कोट दिलास, वडे दिलेस, या परक्या गावात ओरडायला एक कारण दिलंस. आभार मानायचे राहिले, कारण आभार मानले की तू 'काय हवाय?' म्हणून विचारायचास.

वहिनींचं सांगतो. त्या कोसळल्या नाहीत. आल्यागेल्याला चहा केला, केतकीला समजावून कामावर परत पाठवलं, विमा, बँक सगळे फोन स्वतः केले. "मी इथेच राहणार," म्हणाल्या. लोक म्हणायचे, किती खंबीर. मला भीती वाटायची. त्यांचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

काल गेलो होतो. त्यांनी माझ्यापुढे पोहे ठेवले आणि समोर बसल्या.

"भाऊजी, त्या दिवशी त्यांनी देवाला काय विचारलं हो?"

मी आयुष्यभर ज्याची तयारी केली तो क्षण हा. कस्टमवाले, शिंका, गुरुजी, सगळे माझ्या पाठीशी उभे होते. मी पोह्यांकडे बघत म्हणालो, "काय विचारणार? ऑपरेशनचंच."

वहिनींनी लिंबाची फोड माझ्या ताटात ठेवली.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "माझंच विचारलं ना?"

आणि मग त्या रडल्या. ताट बाजूला सारून, टेबलावर डोकं ठेवून, मोठ्यानं. मी शेजारी बसून राहिलो आणि त्यांचं रडून होईपर्यंत एक शब्द बोललो नाही. तू असतास तर विश्वास ठेवला नसतास.